शेजारच्या खोलीतील आवाज

आमच्या चर्चवर पत्र्याचे छप्पर आहे. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, जेथे सागाची आणि बांबूची रांग गावाच्या वेशीपर्यंत येऊन थांबते, अशा एका लहान गावी आमचा हा धर्मग्राम. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस कोसळू लागला की पत्र्यावर असा काही ताशा वाजू लागतो की आमचे प्रवचन पहिल्या बाकापर्यंतही पोहोचत नाही. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही घसा ताणून पावसाशी झगडत असू. पुढे शहाणपण आले. आता पावसाचा जोर वाढला की आम्ही थांबतो, खाली बसतो, आणि धर्मग्रामस्थही स्वस्थ बसून राहतात. एकदा अशाच एका रविवारनंतर एका आजीबाईंनी आमचा हात हातात घेऊन सांगितले, "आजचं प्रवचन बेस झालं जी फादर." त्या दिवशी आम्ही एकही वाक्य पूर्ण केले नव्हते!

तरीही शब्द स्पष्ट ऐकू आलाच पाहिजे, हा आमचा हट्ट जुना. सेमिनरीत आम्हांस तसेच घडविले गेले. शेवटच्या बाकावरील बहिऱ्या म्हाताऱ्याला जे ऐकू गेले नाही ते उच्चारलेच नाही असे समजावे, ही आमच्या गुरुजनांची शिकवण. त्यामुळे आमच्या गायनवृंदातील कीबोर्ड वाजविणाऱ्या तरुणाने एका रविवारी स्तोत्राच्या वेळी यंत्राचा प्रतिध्वनी वाढवून ठेवला आणि स्तोत्राचे शब्द धुक्यात गेल्यासारखे झाले, तेव्हा आमचा पारा चढला. मिस्सा संपल्यावर सर्वांदेखत आम्ही त्याला म्हणालो, "हे चर्च आहे, विहीर नव्हे!" मुले खो-खो हसली. तोही हसला, आणि पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही आला नाही. दोन महिने उलटले तेव्हा आम्हांस उमगले की आपण विनोद केला नव्हता, अपमान केला होता.

मग एका संध्याकाळी आम्ही गृहभेटीस निघालो. (त्याचे नाव येथे घालत नाही, तसे आम्ही त्याला वचन दिले आहे.) वय सव्वीस. तालुक्याच्या गावी त्याचे मोबाईल दुरुस्तीचे टीचभर दुकान आहे. वडील चार वर्षांपूर्वी वारले. ते झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवीत. वसई-मुंबईकडील वाचकांना झाडीपट्टी रंगभूमी कदाचित परिचित नसेल. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यात दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटके होतात. वडसा हे या कंपन्यांचे मुख्य ठाणे. शेतातच मंडप पडतो, रंगमंचापुढे वादक बसतात, आणि हजारो माणसे थंडीत घोंगड्या पांघरून पहाटेपर्यंत बसलेली असतात. याच रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या भागात जणू घरचे लग्न असल्यासारखा आनंद झाला होता. तर अशा मंडपांत ज्याचे आयुष्य गेले त्या माणसाचा हा मुलगा. घरात आई, तो आणि मागच्या बाजूस एक खोली.

त्या खोलीत आम्हांस नेताना तो संकोचला होता. भिंतींवर जुन्या गोधड्या खिळ्यांनी ठोकलेल्या. खिडकीत उशी कोंबलेली. एक जुनी इलेक्ट्रिक गिटार, ऐकण्याची यंत्रे, दोन माइक, जुना लॅपटॉप; आणि जमिनीवर, पायापाशी, लोखंडी डब्यांसारखी पाच-सहा उपकरणे तारांनी एकमेकांस जोडलेली. त्यांना पेडल म्हणतात. गिटारचा स्वर एका डब्यात शिरतो आणि खरखरीत होऊन बाहेर पडतो. दुसऱ्यात त्याची नक्कल मागाहून पुन्हा पुन्हा उमटते. तिसऱ्यात तो एखाद्या प्रचंड घुमटाखाली वाजविल्यासारखा पसरतो. दोन डबे त्याने स्वतः, दुकानातील निरुपयोगी सामानातून, डाग देऊन बनविलेले. "रात्री एकनंतर बसतो जी," तो म्हणाला. "तवा ट्रक कमी असतात, कोंबडे झोपलेले असतात."

त्याने आम्हांस आठ-नऊ मिनिटांची एक रचना ऐकविली. खरे सांगायचे तर आमचे पहिले मत असे झाले की कोणी तरी धानाच्या गिरणीत बसून सुरेल गाणे म्हणत आहे आणि गिरणी बंद करण्याचे कोणास सुचत नाही. गिटारींची एक भिंत उभी होती, भिंतीमागे पाऊस, पावसामागे कोणा पुरुषाचे गुणगुणणे. शब्द एकही लागेना. आम्ही विचारले, "गाणे चांगले आहे, पण शब्द कोठे आहेत?"

तो खाली पाहत म्हणाला, "फादर, रागावू नका. पहिले मिस्सा लॅटिनमध्ये होती म्हनता ना तुम्ही. तवा कोनाले शब्द समजत होते?"

आम्ही निरुत्तर झालो, हे कबूल केले पाहिजे. कारण त्या क्षणी आम्हांस आमची आजी आठवली. आम्ही मूळचे वसईचे. आजीला अक्षरओळख नव्हती. लोकभाषेत उपासना सुरू झाल्यावरही ती संध्याकाळी देवघरापुढे लितानीचे प्रतिसाद लॅटिनमध्येच देत असे. त्यांतील अक्षरे झिजून गुळगुळीत झालेली होती. आज ते कानी पडले तर कोणी लॅटिन पंडित कपाळाला हात लावील. पण तिचे डोळे भरून येत, ते काय अर्थ न कळल्यामुळे? सेमिनरीत पुढे ग्रेगोरियन गायनाचे धडे मिळाले तेव्हा वाद्याविना एका सुरात गायिलेला तो स्वर दगडी भिंतींवरून परतून पुढच्या स्वरात मिसळताना आम्ही ऐकला होता. मोठ्या कॅथेड्रलमध्ये एकेक स्वर कित्येक सेकंद रेंगाळतो. त्या संगीतात चांगली निम्मी कामगिरी इमारतीची असते. आमच्या तरुणाला इमारत नव्हती, म्हणून त्याने डब्यांत घुमट बसविला होता. आणि आम्ही त्यास विहीर म्हणालो होतो.

त्यानंतर आम्ही दर गुरुवारी त्याच्या दुकानात जाऊ लागलो, आणि या वयात नवा विषय शिकू लागलो. त्याच्या या प्रकारात दोन प्रवाह मिसळले आहेत. पहिल्यास शूगेझ म्हणतात. शब्दशः पाहिले तर 'बूट न्याहाळणे'! १९९० च्या सुमारास इंग्लंडमधील काही तरुण वादक रंगमंचावर श्रोत्यांकडे न बघता सारखे पायांकडे बघत, कारण तेथे पेडलचे डबे मांडलेले असत. पत्रकारांनी टिंगल म्हणून हे नाव ठेवले आणि ते चिकटले. डब्लिनमध्ये १९८३ साली स्थापन झालेल्या 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन' या वृंदाचा 'लव्हलेस' हा १९९१ चा संग्रह या पंथाचा शिरोमणी मानतात. त्यातील केविन शील्ड्स गिटारच्या तारा छेडतानाच तिची कंपदांडी हातात धरून हलवीत राहतो, त्यामुळे सगळा स्वरसमूह सतारीच्या मींडेसारखा वरखाली सरकत असतो. गाणाऱ्या मुलीचा आवाज वाद्यांच्या पुढे नसून वाद्यांच्या आत असतो. संग्रहातील जवळजवळ सगळे वाद्यकाम शील्ड्सने एकट्याने केले, दोन वर्षे केले, आणि त्या पायी स्टुडिओमागून स्टुडिओ बदलले. ही चिकाटी की चक्रमपणा, हे आम्ही ठरवू शकत नाही.

दुसरा प्रवाह अँबियंट, म्हणजे सभोवतीचे संगीत. याच्याशी ब्रायन ईनो या इंग्रजाचे नाव जोडलेले आहे. आमच्या वाचकांस ऐकून मौज वाटेल की हा गृहस्थ इप्सविच येथील सेंट जोसेफ कॉलेजात, म्हणजे दि ला साल बंधूंच्या शाळेत शिकला आणि त्याच्या लांबलचक नावात त्या संताचे नावही आहे. १९७५ च्या जानेवारीत त्याला एका टॅक्सीने धडक दिली. अंथरुणाला खिळलेला असताना एका मैत्रिणीने हार्प या तंतुवाद्याची तबकडी आणून दिली. ती लावून तो आडवा झाला, तर आवाज अगदी बारीक, आणि उठण्याची ताकद नाही. बाहेर पाऊस पडत होता. वाद्याचे काही स्वर तेवढे पावसावर तरंगत येत होते, बाकीचे बुडत होते. तसेच पडून ऐकता ऐकता त्याला वाटले की संगीत असेही असू शकते, उजेडासारखे, खोलीत पसरलेले. त्याच वर्षी त्याची 'डिस्क्रीट म्युझिक' ही ध्वनिमुद्रिका आली आणि १९७८ मध्ये विमानतळांसाठी रचलेले संगीत. लक्ष दिले तरी चालावे, न दिले तरी चालावे, अशी त्याची कल्पना. आमच्या प्रवचनांना ही सोय कोणी लावून दिली नाही!

हे सर्व परके वाटू नये. आपल्याकडे तंबोरा काय करतो? चार तारा, घोडीवर प्रत्येक तारेखाली जवारी जुळविणारा सुताचा बारीकसा तुकडा, आणि एका तारेतून उठणारी स्वरांची वाफ. तो गात नाही, ताल धरीत नाही, काही सांगत नाही. पण तो थांबला की गवयाच्या पायाखालची जमीन गेल्यासारखी होते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आमचा तरुण म्हणतो की त्याने पुढचे सगळे काढून टाकले आणि तंबोरा तेवढा ठेवला. वाक्य अतिशयोक्तीचे आहे. पण दुकानात मोबाईलला डाग देता देता सुचलेले आहे, हे ध्यानात घ्यावे.

आता एकट्याने, घरीच, सारी वाद्ये आपणच वाजवून ध्वनिमुद्रण करणे. यासाठी १९७९ साली टिॲक या जपानी कंपनीने एक यंत्र काढले. साध्या कॅसेटच्या दोन बाजूंवर मिळून चार पट्ट्या असतात. या यंत्रात चारही पट्ट्या एकाच दिशेने वापरता येत. पहिलीवर गिटार भरावी, ती ऐकत दुसरीवर ढोल, तिसरीवर आवाज. मग तिन्ही मिळून चौथीवर उतरवाव्यात आणि पहिल्या तीन पुसून पुन्हा मोकळ्या कराव्यात. प्रत्येक उतरवणीत थोडी सळसळ वाढते, तेवढी सोसावी लागते. ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकन गायकाने १९८२ मध्ये अशाच यंत्रावर घरी नमुन्यादाखल गाणी भरली. पुढे स्टुडिओत ती साधेनात, तेव्हा ती कॅसेटच 'नेब्रास्का' या नावाने प्रसिद्ध केली.

आणि आपल्या शेजारी, गोव्यात, बार्देशातील शिवोली गावी रेमो फर्नांडिस. 'जलवा' (१९८७) आणि 'बॉम्बे' (१९९५) या चित्रपटांमुळे पुढे तो घरोघर पोहोचला. पण त्याआधी, १९८४ साली, त्याने 'गोअन क्रेझी' ही कॅसेट चार पट्ट्यांच्या यंत्रावर आपल्या घरी ध्वनिमुद्रित केली. मुंबईच्या कंपन्यांनी दारे लावून घेतली होती. हा शिकलेला वास्तुविशारद. त्याने बहुतेक वाद्ये स्वतः वाजविली, आवाज स्वतःचे दिले, वेष्टन स्वतः रंगविले, आणि स्कूटरवर कॅसेटी लादून दुकानोदुकानी स्वतः पोहोचविल्या. २००७ मध्ये तो पद्मश्री झाला. त्याची गाणी शूगेझ नव्हेत. रेमोचा शब्द लख्ख ऐकू येतो आणि बहुधा कोणाला तरी टोचतो. साम्य आहे ते खोलीचे. आमच्या तरुणाला ही हकीकत सांगितली तेव्हा त्याने एकच प्रश्न केला: "स्कूटर कोनती होती जी?"

त्याच्या लॅपटॉपवर पट्ट्यांना मर्यादा नाही. एका रचनेत आम्ही एकतीस मोजल्या. त्यांतील चार-पाच जंगलाच्या आहेत. मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहाची फुले टपटप पडतात, तो आवाज टिपण्यासाठी त्याने झाडाखाली प्लास्टिक अंथरून माइक ठेवला आणि आपण काहीशा अंतरावर बसला. वाघांच्या या मुलखात पहाटे एकट्याने मोहाखाली बसणे हा वेडेपणा आहे. मोह वेचायला गेलेल्या माणसांवर हल्ले झाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. आम्ही त्याला बजावले. तो म्हणाला, दुसऱ्या खेपेपासून मामाला सोबत नेतो. मामा घोरतो आणि तेही त्या पट्टीत आले आहे.

आता आमच्या चुकीकडे वळतो. पहिली विहिरीची, ही दुसरी, अधिक मोठी.

त्या रचनेतील गुणगुणणारा पुरुष म्हणजे त्याचे वडील. हंगामापूर्वी घरी पेटीवर पदांचा सराव करताना त्यांनी एक कॅसेट भरून ठेवली होती. ती त्याला ट्रंकेत सापडली. दोन नोव्हेंबर जवळ येत होता. मृतांच्या स्मरणदिनी संध्याकाळी आमच्या सभागृहात लहानसा कार्यक्रम असतो. आम्ही सुचविले की ही रचना तेथे ऐकवावी. मात्र वडिलांचा आवाज वर आणावा, सळसळ काढावी, म्हणजे लोकांना ओळखू येईल. तो फारसा राजी नव्हता. आम्ही आग्रह केला. धर्मगुरूचा आग्रह हा साधा आग्रह राहत नाही, हे आम्हांस तीस वर्षांनंतर तरी कळावयास हवे होते.

आठ दिवसांनी त्याने बोलावले. आईही येऊन चौकटीला टेकून उभी राहिली. त्याने कॅसेटचा आवाज धुऊन पुसून लख्ख केला होता, वरचे थर बाजूला केले होते. पेटीचा भाता ऐकू आला. पद सुरू झाले. गळा चांगला होता. मग मध्येच खोकला. पेटी थांबली. आणि इतका जवळून, जणू त्याच खोलीतून, आवाज आला: "पानी आन वो."

कोणी उत्तर दिले नाही. थोडा वेळ नुसती सळसळ. पुन्हा एकदा, हळू: "अवो." मग पेटी पुन्हा सुरू झाली.

आई बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "मी रोवन्याले गेली असन. घरी कोनी नसन तवा." आणि थोड्या वेळाने, मुलाला: "हे काहून मोकळं केलं बापा तू?"

मुलाने आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तो त्याचा मोठेपणा. आम्हीच सांगितले की आई, हे आमच्या सांगण्यावरून झाले. तिने मान हलविली आणि आत निघून गेली. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. त्या मुलाला ते शब्द पूर्वीपासून ठाऊक होते. त्याने एकतीस थर उगाच चढविले नव्हते.

आम्ही कार्यक्रमातून ती रचना वगळावयास सांगितले. पण स्मरणदिनाच्या चार दिवस आधी आईनेच निरोप पाठविला. ती म्हणाली, आधी होते तसे लावा. "ते पानीवालं काढू नका. राहू द्या. पन एवढं जवर नको." मुलगा दोन रात्री जागला. पावसाची पट्टी आमच्या चर्चच्या पत्र्याखाली ऑगस्टमध्ये भरलेली होती, ती त्याने वडिलांच्या आवाजावर घेतली. पूर्वी घरी ते मागच्या खोलीत सराव करीत आणि ही चुलीपाशी असे. भिंतीपलीकडून जसे ऐकू येई तसे हवे, एवढेच तिचे म्हणणे. त्याने मग लॅपटॉप मागच्या खोलीत ठेवला, दार लोटले, आणि आई चुलीपाशी बसून सांगत गेली: थोडं कमी. थोडं अजून कमी.

दोन नोव्हेंबरच्या संध्याकाळी सभागृहात साठेक माणसे होती. दिवे मंद केले. सुरुवातीला चुळबुळ झाली. एक लहान मूल रडले, त्याला बाहेर नेले. मग हळूहळू शांतता पसरली, पावसातल्या रविवारसारखी. सहाव्या मिनिटास, गिटारींच्या आणि पावसाच्या पलीकडे, कोणी तरी काही तरी म्हणाले. सभागृहात ते तिघांनाच कळले. आई तिसऱ्या रांगेत बसली होती. तिने पदर सारखा केला.

दिवे लागल्यावर आमच्या सभेचे वयोवृद्ध खजिनदार आमच्याजवळ आले आणि काळजीच्या सुरात म्हणाले, "कार्यक्रम बेस झाला फादर. पन तो स्पीकर एकदा दाखवून घ्या जी कोनाले तरी. मधी मधी कोनीतरी बोलल्यावानी वाटते."